दिघ्यांचं गेट आणि सतरा प्लाझ्मा कटर

भंगार साठताना कुणी पाहिलंय? ठरवून कुणी आणत नाही. कोपऱ्यात एक तुकडा पडतो, त्याला सोबत म्हणून दुसरा येतो, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या दिघ्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही तीन वर्षांत वस्तू बनवल्या अडीच, आणि किस्से पोतंभर. त्या अडीचमधली अर्धी वस्तू म्हणजे एक स्टूल आहे. त्यावर एकदा बसल्यापासून मोहिते कुठेही बसताना आधी हाताने चाचपून बघतो.

माणसं आम्ही तीनच. दिघेसाहेब जहाजं बांधणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. इतरांनी कापलेलं लोखंड लाल पेन्सिलीने नापास करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. स्वतः एक पट्टी कापली नाही. मोहिते साताऱ्याकडचा, बँकेत, बदलीवर इथे आलेला. आणि तिसरा मी, पाटणकर, रंगाच्या कंपनीत. दर रविवारी जमायचं, चहा प्यायचा, लोखंडाकडे बघायचं, घरी जायचं. यालाच आम्ही वर्कशॉप म्हणतो.

तर या वर्कशॉपवर गेल्या जूनमध्ये गदा आली. दिघ्यांच्या घराचं लोखंडी गेट दर पावसात गल्लीत तुंबणाऱ्या पाण्याने खालून कुजलं होतं, आणि दिघे वहिनींनी ते वर्षभर काथ्याने बांधून ठेवलं होतं. घरात लोखंडकाम जाणणारी तीन माणसं येत असताना! तिकडे पाड्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, क्लबाचे सेक्रेटरी तपनबाबू कॅरमचे बोर्ड ठेवायला जागा शोधत होते. एका रविवारी वहिनी चहाबरोबर निर्णयही घेऊन आल्या.

"कालीपूजेपर्यंत नवं गेट लागलं तर गॅरेज तुमचं. नाही लागलं तर क्लबाचं. तपनबाबूंना मी शब्द दिलाय."

कालीपूजा म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाचीच अवस. हातात पाच महिने. एका गेटला पाच महिने म्हणजे चैन, असं आम्हाला वाटलं.

*

साधं गेट करायचं असतं तर आमच्याकडच्या ग्राइंडरनेही झालं असतं. पण दिघेसाहेबांना गेटवर समोरासमोर दोन मोर हवे होते. मोराला वळणं असतात, आणि वळणांना, दिघेसाहेबांच्या मते, प्लाझ्मा कटरच लागतो. वीज आणि जोराची हवा यांच्या बळावर लोखंड कापणारं हे मशीन त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांना ग्राइंडर हातात धरवेना.

वहिनींनी बजेट एका वाक्यात मंजूर केलं. "फ्रिजपेक्षा महाग मशीन आणणार असाल तर फ्रिजच आणा."

मोहितेला एवढंच हवं होतं. त्याने तक्ता केला. सतरा मशिनं, आणि प्रत्येकाचे एकवीस रकाने. किती अँपियर, किती जाडी कापतं, घरच्या विजेवर चालतं की कारखान्याची लागते, टॉर्चची, म्हणजे हातात धरून कापायच्या नळीची, केबल किती लांब, वजन किती, वॉरंटी किती. एका रकान्यात त्याने मशीनचा रंगसुद्धा घातला होता. ते कशाला, विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही रंगातले आहात ना, म्हणून."

जून गेला, जुलै गेला. दर रविवारी एक मशीन बाद व्हायचं आणि बुधवारपर्यंत मोहिते दोन नवी शोधायचा. गल्लीच्या तोंडाशी ग्रिलचं दुकान चालवणारा बाप्पादा एकदा डोकावला. आमचं काय चाललंय ते त्याने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि हिंदीत सांगितलं की हे गेट तो मंगळवारी हातात घेतो आणि गुरुवारी लावून देतो. दिघेसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा चहा अर्धा ठेवून गेला.

*

शेवटी मीच वैतागून दोघांना उचललं आणि बडाबाजारच्या टोकाला मशिनरीच्या दुकानांची गल्ली आहे तिथे नेलं. पहिला दुकानदार उत्साही निघाला. म्हणाला, हे मशीन बारा मिलिमीटर कापतं. दिघेसाहेबांनी विचारलं, स्वच्छ कापतं की नुसते दोन तुकडे करतं? दुकानदाराने जन्मात हा प्रश्न ऐकला नव्हता. त्याने एक पत्रा घेऊन सर्रकन कापून दाखवला.

दिघेसाहेबांनी चष्मा चढवला, तुकडा उजेडात धरला, कडेवरून नख फिरवलं, आणि खिशातून लाल पेन्सिल काढून भली मोठी फुली मारली. खाली सही. त्या सहीखाली तारीख!

दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, हे साहेब सरकारकडून आलेत का? मी म्हटलं, नाही हो, गिऱ्हाईक आहेत. तेव्हा कुठे त्याने आम्हाला हाकललं.

दुसरा दुकानदार वयस्क होता, शांत. त्याने मशीन दाखवायच्या आधी विचारलं की तुम्ही बनवता काय. आम्ही म्हटलं, गेट. महिन्याला किती? आम्ही म्हटलं, एक. तो मान डोलवून म्हणाला, महिन्याला एक म्हणजे छोटं मशीन चालेल. मोहिते खरं बोलायच्या सवयीचा. "महिन्याला नाही," तो म्हणाला, "एकूण एक."

त्या भल्या माणसाने मशीन विकलं नाही. आम्हाला चहा पाजला, आणि एका कागदावर बेहालातल्या एका चांगल्या ग्रिलवाल्याचा पत्ता लिहून दिला. बाहेर येऊन वाचला. बाप्पादाचा.

*

सतरातून दोन उरली आणि त्या दोनांवर तीन रविवार भांडण झालं. एक मशीन दहा मिनिटांत सहा मिनिटं काम करून चार मिनिटं थंड व्हायला थांबणार, आणि दुसरं साडेतीन मिनिटांतच दमणार. पहिलं थोडं महाग, फ्रिजच्या अगदी काठावर. दिघेसाहेब म्हणाले, थांबणारं मशीन हवंच कशाला, आमच्या कारखान्यातली दिवसभर चालायची. मोहिते म्हणाला, दिवसभर चालणारं मशीन फ्रिजमध्ये बसत नाही. मी म्हटलं, अरे पण आपण तिघं मिळून दहा मिनिटांत सहा मिनिटं काम कधी केलंय?

वहिनी कपबशा उचलायला आल्या होत्या. त्यांनी मोहितेकडून सगळं नीट समजून घेतलं.

"साठ टक्के वेळ काम करणारं? तेच आणा. घरात असं काहीतरी पहिल्यांदाच येतंय."

निर्णय झाला.

*

मशीन ऑगस्टच्या शेवटी आलं. निळं, बुटकं, वर दोन बटणं. दिघेसाहेबांनी खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा सरळ कापली. मग आम्ही पुस्तक उघडलं, आणि पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे मशीन चालवायला जोराची हवा देणारा कॉम्प्रेसर लागेल, तो वेगळा घ्यावा.

मी मोहितेकडे बघितलं. एकवीस रकाने. रंगाचा रकाना. हवेचा रकाना नाही.

"हवा फुकट असते," तो म्हणाला, "म्हणून घेतला नाही."

तो त्या वेळी ग्राइंडरच्या इतक्या जवळ उभा होता, आणि मी इतका संतापलो होतो, की आज आठवून मला माझ्याच सज्जनपणाचं कौतुक वाटतं.

फ्रिज केव्हाच ओलांडला गेला असता, म्हणून बाप्पादाच्या पाया पडलो. त्याच्याकडे रंग उडवायचा जुना कॉम्प्रेसर होता. त्याने तो दिला, वर एक ताकीद दिली की कोलकात्याची हवा आहे, टाकीतलं पाणी रोज सोडा. हवेत कसलं पाणी, म्हणून आम्ही हसलो. चार दिवसांनी टॉर्चचं बटण दाबलं तर ठिणगीच्या जागी फवारा आला आणि मोहितेचा बँकेचा शर्ट भिजला. फ्रिजच्या भावात आम्ही पिचकारी आणली होती. टाकीची चावी उघडली तेव्हा बादलीभर नाही म्हणत, पण वहिनींनी त्यात दोन कुंड्या शिंपल्या.

*

फिल्टर बसवला, हवा सुकली, आता कापणार, तोच सप्टेंबरच्या मध्यावर विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी इथे एकही मशीन हलत नाही. सगळी हत्यारं देवापुढे, आणि माणसं गच्चीवर पतंग उडवायला. बाप्पादा येऊन आपला कॉम्प्रेसर पूजेला घेऊन गेला. तीन दिवसांनी झेंडूची माळ घालून परत आणून ठेवला.

मी म्हटलं, चला. दिघेसाहेब म्हणाले, छे. नवं हत्यार खंडेनवमीला पूजल्याशिवाय वापरायचं नाही, आमच्या घरात तसं चालत नाही.

"अहो, आत्ताच तर पूजा झाली!"

"ती कॉम्प्रेसरची. कॉम्प्रेसर बंगाली आहे. मशीन आपलं आहे."

मी मोहितेकडे आशेने बघितलं, तर तो नारळ कुठून आणायचा याचा विचार करायला लागला होता. तपनबाबू मात्र रोज संध्याकाळी गल्लीतून जाताना थांबायचे. एकदा तर टेप घेऊन आले आणि गॅरेजची लांबी मोजून गेले. चार बोर्ड बसतात म्हणाले. वर आम्हालाच विचारलं की दिवा कुठे लावला तर सोंगट्यांवर सावली पडणार नाही. दिघेसाहेबांनी सांगितलं! इन्स्पेक्शनचा माणूस, विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खंडेनवमीला वहिनींनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसरा, महाराष्ट्र मंडळात सोनं वाटायला जायचं. आणि तोवर सारं शहर दुर्गापूजेत बुडालेलं. बाप्पादा हाकेच्या अंतरावर नसताना मशीन सुरू करायची आमची हिंमत नव्हती, आणि त्याचं दुकान उघडलं ते एकदम आपल्या कोजागिरीनंतर. वहिनींनी बोटं मोजायचीही तसदी घेतली नाही. पौर्णिमा ते अवस, पंधरा दिवस.

त्या रविवारी मशीन चालू केलं तेव्हा मागच्या पंख्यातून सगळ्या अक्षता मोहितेच्या तोंडावर उडाल्या. त्याने डोळे मिटून हात जोडले.

*

पण ठिणगी काही धरेना. बटण दाबलं की टॉर्चच्या टोकाशी तडतड व्हायची आणि विझायची. तेवढ्या तडतडीनेही पलीकडच्या तपनबाबूंच्या घरातला टीव्ही मुंग्या दाखवायचा. तपनबाबू फुटबॉल सोडून तक्रार करायला आले आणि जाताना दार किती रुंद आहे तेही मोजून गेले.

चार दिवस गेले. दिघेसाहेबांनी मशीन नापास केलं, मोहितेने बेहालाची वीज नापास केली, मी दोघांना नापास केलं. मोहिते कंपनीच्या हेल्पलाइनवर इतका वेळ होता की पलीकडच्या मुलीने त्याला आपल्या गृहकर्जाचं विचारून घेतलं. त्याने तिला ते नीट समजावलंसुद्धा. मशीनचं राहिलं.

पाचव्या दिवशी बाप्पादा कॉम्प्रेसर मागायला आला. त्याने आमची तडतड बघितली, मग कापायच्या पत्र्याला लावलेला मशीनचा चिमटा बघितला. मग पत्र्यावर बोट फिरवून विचारलं, हा रंग कुणी लावला?

मी छाती काढून पुढे झालो. सगळं लोखंड आणल्या दिवशीच मी त्याला कंपनीच्या उत्तम प्रायमरचे दोन हात दिले होते. इथल्या दमट हवेत दोन दिवसांत गंज धरतो, काळजी घ्यायला नको?

बाप्पादाने खाली पडलेलं करवतीचं मोडकं पातं उचललं, रुपयाएवढी जागा खरवडून काढली, चिमटा तिथे लावला आणि बटण दाबलं. निळा फर्राटा निघाला आणि पत्र्यातून पलीकडे गेला.

"दादा," तो मला म्हणाला, "रंगावरून वीज जात नाही."

दिघेसाहेबांनी हळूच लाल पेन्सिल काढली. मी शर्टाच्या बाह्या खाली केल्या. न जाणो.

*

उरलेले दिवस आम्ही खरोखर काम केलं, हे सांगितलं तर ओळखीचे लोक विश्वास ठेवत नाहीत. कापायला मीच बसलो, कारण मोहिते ठिणगी उडाली की डोळे मिटायचा आणि दिघेसाहेब तत्त्व म्हणून टॉर्च धरत नव्हते. माझी पहिली रेघ हुगळीच्या पात्रासारखी गेली. मोर कापायला घेतला, कोंबडी निघाली. दुसरा मोर तिला जोडीदार म्हणून मुद्दामच तसा ठेवला. कडांना स्लॅगचे, म्हणजे वितळून गोठलेल्या लोखंडाचे, इतके दाणे लोंबत होते की मोहिते म्हणाला, पिसारा समजतील.

कालीपूजेच्या आदल्या दिवशी दिघेसाहेब सगळं मोजायला बसले. फुल्यांवर फुल्या. आमचे चेहरे पडले, कारण परत कापायला ना पत्रा होता ना दिवस. ते बराच वेळ दोन कोंबड्यांकडे बघत राहिले. मग चौकटीच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक शब्द लिहिला: 'चालेल.'

तीस वर्षांत त्यांनी तो शब्द कुठल्या जहाजावर लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर पाणी मागितलं.

कालीपूजेच्या दुपारी बाप्पादाने खांबाच्या पट्टीला बिजागऱ्या वेल्ड करून दिल्या आणि गेट उभं राहिलं. तपनबाबू समोर उभे राहून बघत होते. दिलदार माणूस, टाळ्याही वाजवल्या. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी गेट तीनदा उघडलं, तीनदा लावलं.

"बरं आहे," म्हणाल्या.

वहिनींचं 'बरं आहे' म्हणजे काय, ते दिघेसाहेबांनाच ठाऊक. त्यांचे डोळे भरले. गॅरेज वाचलं होतं. त्या आनंदात आम्ही मशीन, कॉम्प्रेसर, केबल, सगळं होतं तिथे टाकलं, शटर ओढलं आणि फराळाला बसलो. कुलूप तिघांपैकी दुसऱ्या कुणीतरी लावलं असेल, असं तिघांनीही धरलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दिघेसाहेबांचा फोन. "या," एवढंच.

गेलो. मोहितेही पोचला होता. दोन खांब होते, मध्ये मोकळं आकाश. गेट नव्हतं! रात्रभर गल्लीत फटाक्यांचा एवढा धुमधडाका होता की हत्ती जरी कापला असता तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

दिघेसाहेब खांबापाशी उकिडवे बसले होते. बिजागऱ्यांचे अर्धे तुकडे खांबाला तसेच होते. त्यांनी त्या कापावरून नख फिरवलं. परत फिरवलं. मग चष्मा काढून पुसला.

"एक दाणा नाही," ते म्हणाले. "पाटणकर, बघा. रेघ बघा. कुठे थांबलेला नाही."

हातात लाल पेन्सिल होती, पण फुली मारायला जागा सापडत नव्हती.

मोहिते गॅरेजमध्ये धावला आणि आतून ओरडला की मशीन आहे! मशीन होतं, कॉम्प्रेसर होता, दोन्ही आमच्याच प्लगला लावलेले. चिमट्यासाठी खांबाची पट्टी नीट खरवडलेली. केबल गोल गुंडाळून खुंटीला अडकवलेली. त्या गॅरेजमध्ये केबल गुंडाळलेली आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

"बघा!" मोहितेचा चेहरा उजळला होता. "मी म्हणत होतो ना, मशीन चांगलं आहे!"

मी जाऊन आधी प्लग काढला. 

एवढ्यात तपनबाबू आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. थोडा वेळ खांबांकडे बघून त्यांनी हळहळ व्यक्त केली, चोरांना शिव्या दिल्या, आणि मग फार संकोचाने वहिनींना म्हणाले, "बौदी, बोलणं असं झालं होतं की कालीपूजेला गेट असेल तर... आज तर गेट नाही."

दिघेसाहेब उभे राहिले.  आम्ही तिघंही वहिनींकडे बघत होतो. वहिनी गॅरेजमध्ये गेल्या, मी कापलेल्या पत्र्याचा एक उरलेला तुकडा उचलून आणला, आणि तो बिजागरीच्या त्या कापाशेजारी धरला. बराच वेळ दोन्ही बघितलं. चोराच्या कापावरून अंगठा फिरवला. माझ्या तुकड्यावरून फिरवला नाही.

"गॅरेज देणार नाही, तपनबाबू," त्या म्हणाल्या. मग दिघेसाहेबांना म्हणाल्या, "अहो, पोलिसांना सांगा, माणूस सापडला तर फार मारू नका. मागच्या बाल्कनीचं ग्रिल त्याच्याकडून करून घेऊ. गॅरेजमध्येच बसवू त्याला."

मग त्या पुन्हा तपनबाबूंकडे वळल्या.

"आणि कॅरमला चौथा माणूस तुमचा तुम्ही बघा. तीन मी पाठवते."